गळ्यातलं सोसत नाही तेव्हा

लग्नात घातलेला हार लग्नाच्या दिवशी सहसा त्रास देत नाही. दिवसभर मिरवून झालं, रात्री काढून डबीत ठेवला, आणि खाज सुटते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कधी त्याच्याही नंतर. तोवर हार कुणाच्या लक्षातही नसतो. मग मानेवरच्या लाल चट्ट्यांचा ठपका जेवणातल्या कोलंबीवर येतो, नव्या साबणावर येतो, उन्हावर येतो आणि अंगातल्या ‘उष्णते’वर तर येतोच. पथ्य सुरू होतं, सब्जाचं पाणी सुरू होतं, चट्टे दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि पथ्यालाच गुण आला असं वाटतं. पुढच्या लग्नात तोच हार पुन्हा गळ्यात पडतो.

धातूच्या दागिन्यांची ॲलर्जी वर्षानुवर्षं ओळखू येत नाही, ती मुख्यतः या उशिरामुळे. कोलंबी किंवा शेंगदाणे बाधले तर अंगावर गांधी उठतात त्या मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत, आणि काही तासांत मावळतातही. धातूची ॲलर्जी शरीराच्या दुसऱ्याच यंत्रणेतून चालते. तिला उमटायला एक ते तीन दिवस लागतात आणि उतरायला दोन-तीन आठवडे. ही यंत्रणा एकदा समजली की कुठलं मलम, किती दिवस, कुठला दागिना ठेवायचा आणि कुठला नाही, ही पुढची उत्तरं बरीचशी सरळ मिळतात.

बहुतेक वेळा या त्रासाच्या मुळाशी निकेल असतं. चकचकीत, कठीण, स्वस्त आणि सहज न गंजणारा हा धातू खोट्या दागिन्यांच्या धंद्याला अतिशय सोयीचा. पितळेच्या किंवा तांब्याच्या सांगाड्यावर सोन्याचा मुलामा थेट दिला तर तो लवकर मंदावतो, म्हणून मध्ये निकेलचा एक पातळ थर देण्याची पद्धत आहे. त्यावर सोन्याचा थर, मायक्रॉनच्या अंशात मोजावा इतका पातळ. दुकानात हा दागिना झळाळतो आणि पहिले काही दिवस काहीच करत नाही, कारण त्वचेला लागतो तो वरचा सोन्याचा थर. मग घासून घासून हा थर झिजतो. सगळ्यात आधी झिजतो तो कडांवर, कड्यांच्या जोडांवर, मागच्या बाजूला, म्हणजे नेमका जिथे दागिना अंगाला घासतो तिथे.

आता घाम. घामात मीठ असतं आणि घाम किंचित आम्लही असतो. त्याचा निकेलशी संबंध आला की धातूच्या पृष्ठभागावरून निकेलचे भारित कण, म्हणजे आयन, सुटे होऊन त्या ओलाव्यात उतरतात. मुलाम्याला तडा गेला असेल तर हे काम आणखी वेगानं होतं, कारण सोनं आणि निकेल एकमेकांना चिकटून खाऱ्या ओलाव्यात आले की त्यांचा एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते निकेल. वैशाख-ज्येष्ठातले मुहूर्त, मुंबई-कोकणातली दमट हवा, भरजरी शालू आणि गळ्याला घट्ट बसलेली ठुशी ही सगळी परिस्थिती निकेल सुटायला अगदी अनुकूल. तोच हार डिसेंबरात पुण्यात घातला तर कदाचित काहीच होत नाही. ‘कधी होतं, कधी होत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा हवामानात असतं.

सुटलेले आयन इतके सूक्ष्म असतात की त्वचेच्या वरच्या थरातून, केसांच्या आणि घामाच्या छिद्रांतून ते आत झिरपतात. तिथे ते शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात आणि त्या प्रथिनांचं रूप बदलतं. त्वचेत पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशींना हे बदललेलं प्रथिन परकं वाटतं. त्या ते उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. त्यांपैकी ज्यांना ते जुळतं त्या टी-पेशी वाढतात आणि त्यांतल्या काही ही ओळख कायमची लक्षात ठेवतात. या पहिल्या फेरीला किमान दहा दिवस-दोन आठवडे लागतात आणि अंगावर सहसा काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी निकेल आलं की या लक्षात ठेवणाऱ्या पेशी त्या जागी जमतात, दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात, आणि चोवीस ते बहात्तर तासांत लाली, बारीक पुटकुळ्या, खाज, कधी पाणी सुटणं असं सगळं दिसू लागतं.

निकेलच इतकं उपद्रवी का, याचं एक सुंदर उत्तर २०१० साली मिळालं. आपल्या पेशींवर ‘टीएलआर-४’ नावाचं एक ग्राहक प्रथिन असतं. त्याचं नेहमीचं काम जिवाणू आल्याची वर्दी देणं. निकेल या प्रथिनाला थेट जाऊन बसतं, असं जर्मन संशोधकांनी दाखवलं. माणसाच्या टीएलआर-४मध्ये ४५६ आणि ४५८ या जागांवर हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं, त्याला निकेल धरतं. उंदराच्या प्रथिनात त्या जागी हिस्टिडीन नाही, म्हणून उंदरांना निकेलची ॲलर्जी सहजासहजी होत नाही. म्हणजे निकेल स्वतःच धोक्याची घंटाही वाजवतं आणि परकं म्हणून ओळखलंही जातं. ज्या बायकांना ‘तुझंच रक्त खराब आहे’ असं ऐकून घ्यावं लागतं, त्यांना हे कुणीतरी नीट सांगायला हवं. रक्त खराब नाही. माणसाच्या शरीराची घडणच निकेलला दचकणारी आहे.

‘इतकी वर्षं हेच कानातलं घालते, तेव्हा कधी काही झालं नाही’ हा आक्षेप डॉक्टर रोज ऐकतात. तो खरा असतो आणि तरीही ॲलर्जी त्याच कानातल्याची असू शकते. शरीर निकेलला कधी ओळखू लागेल याचा नेम नाही. पहिल्या महिन्यात ओळखेल, विसाव्या वर्षीही ओळखेल. मात्र एकदा ओळखलं की ती ओळख साधारणतः आयुष्यभर पुसली जात नाही. ती पुसणारं औषध आज हाती नाही. उपचार आहेत, आणि चांगले आहेत, पण ते उठलेल्या दाहावरचे आहेत.

पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास कितीतरी अधिक होतो. युरोपातल्या पाहण्यांत साधारण दहा ते पंधरा टक्के स्त्रियांना आणि एक ते तीन टक्के पुरुषांना निकेलची ॲलर्जी आढळत आली आहे. स्त्रियांची त्वचा नाजूक असते म्हणून हे होतं, असा समज आहे. खरं कारण आहे कान टोचणं. अखंड त्वचेवर निकेल लागलं तर त्याला वरचा थर ओलांडावा लागतो. ताज्या टोचलेल्या कानात मात्र जखमेतच निकेल जाऊन बसतं, तेही ओल्या, रक्त-लसीनं भरलेल्या जागेत, आठवडेच्या आठवडे. पहिली ओळख पटायला याहून सोयीची जागा नाही.

डेन्मार्कनं हे सर्वांत आधी मनावर घेतलं. १९९० साली तिथे दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्यानं मर्यादा आली. त्यानंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये ॲलर्जीचं प्रमाण आधीच्यांपेक्षा कमी दिसलं. १९९४ मध्ये युरोपीय संघानं तसाच नियम केला आणि २००१ पासून तो पूर्णपणे लागू झाला. या नियमाची मांडणी पाहण्यासारखी आहे. दागिन्यात निकेल किती आहे, हे तो मोजत नाही. तो मोजतो, किती सुटतं. दागिना कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवतात आणि मग त्या द्रावात निकेल किती उतरलं ते तपासतात. त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंतच निकेल सुटलेलं चालतं. टोचलेल्या जागेत घालायच्या वस्तूंना ही मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम आहे.

किती आहे आणि किती सुटतं, हा फरक घरच्या डबीतले दागिने निवडतानाही कामाचा. ३१६ एल प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं, तरी बहुतेकांना अखंड त्वचेवर ते सोसतं, कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचं घट्ट कवच असतं आणि निकेल आत अडकून राहतं. उलट निकेलचा नुसता थर दिलेल्या पितळी साखळीत वजनानं निकेल नगण्य असेल, पण ते अगदी वर असतं आणि सुटतं. जर्मन सिल्व्हरचे दागिने हल्ली नवरात्रात आणि कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत फार दिसतात. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे, आणि निकेलचं प्रमाण दहा टक्क्यांहून बरंच वरही असू शकतं. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी काळसर ऑक्सिडाइज्ड दागिना घेण्याआधी तो कशावर केलाय हे विचारावं. चांदीवर केलेला असेल तर गोष्ट वेगळी.

सोन्याचं काय? बावीस कॅरटच्या पिवळ्या सोन्यात ९१.६ टक्के सोनं आणि उरलेलं बहुतकरून तांबं आणि चांदी. त्यामुळे निकेलची ॲलर्जी असलेल्यांना ते सहसा बाधत नाही. अठरा कॅरटच्या व्हाइट गोल्डकडे मात्र सावधपणे पाहावं. सोन्याचा पिवळेपणा घालवायला त्यात पॅलेडियम तरी मिसळतात किंवा निकेल. वर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो झिजला की खालचं उघडं पडतं. हॉलमार्कचा इथे उपयोग नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं बंधनकारक झालेला हॉलमार्क सोनं किती शुद्ध आहे ते सांगतो. उरलेल्या भागात काय आहे, यावर तो काही बोलत नाही. सोनाराला थेट विचारणं हाच मार्ग. खुद्द सोन्याची ॲलर्जीही असते, पण निकेलच्या मानानं ती क्वचितच त्रासाला कारण होते. प्लॅटिनम, टायटॅनियम आणि नायोबियम हे निकेलवाल्यांसाठी भरवशाचे. काचेच्या बांगड्यांची तर चिंताच नको. मोती, लाख, लाकूड, रेशमी गोफ यांचीही नको, फक्त त्यांचा फासा आणि मधल्या कड्या कशाच्या आहेत ते पाहावं.

इथेच खरी शोधाशोध सुरू होते. खरं म्हणजे पुरळाचा आकारच बरंच काही सांगतो. कानाच्या पाळीच्या मागे त्रास असेल तर कुडी नव्हे, तिची फिरकी तपासा. कुडी सोन्याची आणि हरवलेल्या फिरकीच्या जागी बाजारातून आणलेली दुसरीच, असं घरोघरी असतं. मानेच्या मागे, केसांखाली छोटा गोल चट्टा असेल तर तो फाशाचा. छातीच्या मध्यावर असेल तर पदकाच्या मागच्या बाजूचा, किंवा मंगळसूत्रात अडकवलेल्या सेफ्टी पिनेचा. पदर लावायला, ऐन वेळी निऱ्या सावरायला म्हणून मंगळसूत्राला किंवा बांगडीला दोन-तीन पिना लावून ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. निकेलचा मुलामा दिलेल्या या पिना दिवसरात्र त्वचेला लागून असतात आणि दोष मात्र सोन्याला लागतो. बेंबीखाली चट्टा असेल तर जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल. मनगटावर चौकोनी असेल तर घड्याळाची मागची चकती. कानामागे आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना असेल तर चष्म्याची फ्रेम. पाठीवर मधोमध असेल तर आतल्या कपड्याचा हुक. जिथे खाजतं तिथे दिवसभरात कोणता धातू टेकतो, हा एकच प्रश्न चिकाटीनं विचारायचा.

घरच्या घरी तपासण्याचीही एक सोय आहे. डायमिथाइलग्लायऑक्झिम नावाच्या रसायनाचे संच ऑनलाइन मिळतात, दोन छोट्या बाटल्यांचे. कापसाच्या काडीवर दोन्हीतला एकेक थेंब घ्यायचा आणि दागिन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला अर्धा मिनिट घासायचं. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. पांढरा राहिला तर त्या जागी, त्या घडीला तरी दखल घेण्याइतकं सुटत नाही. नव्या मुलाम्याच्या दागिन्याचा कापूस पांढरा राहू शकतो आणि सहा महिन्यांनी तोच गुलाबी होऊ शकतो, म्हणून तपासणी अधूनमधून पुन्हा करावी. पाकिटावरच्या ‘निकेल-फ्री’ या शब्दांपेक्षा या गुलाबी रंगावर माझा जास्त विश्वास आहे.

दागिन्याखाली दिसणारं सगळंच ॲलर्जी नसतं, आणि ही गफलत महागात पडते. तांब्याच्या किंवा पितळेच्या अंगठीनं बोट हिरवं होतं, तो नुसता तांब्याच्या क्षारांचा रंग. धुतला की जातो. सोन्याखाली कातडी काळपट दिसते ती बऱ्याचदा पावडरमधल्या कठीण कणांनी धातू खरवडून निघाल्यामुळे. घट्ट अंगठीखाली साबण आणि पाणी अडकून जो ओरखड्यासारखा लालसर दाह होतो, तो बाई धुणं-भांडी करते म्हणून होतो, धातू कोणताही असो. जोडव्यांखाली बोटांच्या बेचक्यात पांढरट, ओलसर, सोलल्यासारखं दिसत असेल तर ती बहुधा बुरशी. कमरेवर परकराच्या नाडीच्या रेषेत जो काळा, खरखरीत पट्टा उमटतो, तो करकचून आवळलेल्या नाडीच्या घर्षणाचा. कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढाच चट्टा किंवा पांढरा डाग असेल तर टिकलीमागचा डिंक आणि त्यातली रसायनं संशयित. आणि चेहरा, पापण्या, मान, हातांचे उघडे भाग असं सगळीकडे एकदम उठलं असेल, विशेषतः माणूस शेतात किंवा माळावर वावरणारा असेल, तर गाजर गवताचा विचार आधी करावा.

निदान पक्कं करण्याची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. तिची मूळ कल्पना योझेफ यादासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं १८९५ मध्ये मांडली आणि ती आजही तशीच चालते. संशयित पदार्थ थोड्या प्रमाणात लहान चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात. निकेलसाठी व्हॅसलीनमध्ये मिसळलेलं पाच टक्के निकेल सल्फेट वापरतात. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या प्रमाणित संचात त्याच्यासोबत कोबाल्ट, क्रोमियमचा क्षार, केसांच्या कलपातलं रसायन, सुगंधी द्रव्यं, गाजर गवत असं बरंच काही असतं. दोन दिवस पट्ट्या तशाच. पाठ भिजवायची नाही, जड काम करायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. म्हणूनच शक्य असेल तर ही तपासणी ऐन उन्हाळ्यात करू नये. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढतात आणि पहिली नोंद घेतात. दुसरी नोंद त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि तीच अधिक महत्त्वाची, कारण धातूची प्रतिक्रिया सावकाश वर येते. दुसऱ्या नोंदीला जाणं टाळणं म्हणजे निम्मी तपासणी वाया घालवणं. पाठीवर स्टिरॉइडचं मलम लावलेलं असेल किंवा पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल खोटा येऊ शकतो, तेव्हा ते आधीच सांगावं.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण वेगळं आहे. ‘ॲलर्जी प्रोफाइल’ नावाची रक्ततपासणी आज गावोगावच्या लॅबमध्ये होते. शेकडो पदार्थांची यादी, आकडे, लाल-हिरवे रकाने, आणि हजारोंचं बिल. ती मोजते आयजीई नावाची प्रतिपिंडं, जी शिंका, दमा, अंगावर उठणाऱ्या गांधी यांच्याशी संबंधित आहेत. निकेलचा दाह टी-पेशींचा. त्याबद्दल ही तपासणी काहीच सांगू शकत नाही. तिच्या आधारे कुणी दूध, वांगी, अंडी सोडून बसलं असेल आणि मान तशीच खाजत असेल, तर पैसे आणि अन्न दोन्ही गेलं.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे तो दागिना काढणं, आणि त्याला पर्याय नाही. उत्तमातलं उत्तम मलम लावून वर तीच साखळी घातली तर दाह मिटणार नाही. जागा साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवावी. पाणी सुटत असेल, पुटकुळ्या ओल्या असतील तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं मऊ कापड, आणि अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ओलावा आटला की घड्या थांबवायच्या. कोरड्या, भेगाळलेल्या जागेवर साधी पेट्रोलियम जेली किंवा सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर.

दाह शमवणारं मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइडचं मलम, आणि त्याचा बाऊ करायचं कारण नाही, पण ते डॉक्टरांनी दिलेलं असावं. मान, चेहरा, पापण्या, काख इथली कातडी पातळ, म्हणून तिथे हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य. हातापायांवर मोमेटासोनसारखं मध्यम. दिवसातून एकदा किंवा दोनदा, साधारण एक ते दोन आठवडे. किती घ्यायचं, याचं माप सोपं आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पापण्यांवर किंवा चेहऱ्यावर त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम डॉक्टर देतात. पहिले काही दिवस त्यानं आग होते, ती सहन झाली की पुढे त्रास होत नाही. खाजेसाठीच्या गोळ्या रात्री झोप लागायला मदत करतात, मूळ दाह त्यांनी हटत नाही. पिवळी खपली, पू, वाढती दुखरी सूज, ताप असं असेल तर जंतुसंसर्ग झालाय आणि त्याचा उपचार वेगळा. पुरळ अंगभर पसरलं किंवा डोळे सुजून मिटले तर घरी थांबू नये.

औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की जे मिळतं त्याबद्दल मात्र कळकळीनं लिहावं लागतंय. बहुतेकदा ते एक मिश्रण असतं: जहाल स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जिवाणूंचं औषध एकाच नळीत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडतो. मग ती ट्यूब घरात राहते, कुणीही कशालाही लावतं. मुळात बुरशी असेल तर स्टिरॉइडनं ती दबते आणि पसरते, आणि मग तिचं रूप असं बदलतं की तज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं येतात, आणि थांबवलं की आग सुरू होते. दहा रुपयांच्या कानातल्यानं सुरू झालेला त्रास असा वर्षभराचा होऊन बसतो. ट्यूबवर ‘क्लोबेटासोल’ किंवा ‘बीटामेथासोन’ हे नाव दिसलं तर ती मानेला-चेहऱ्याला आपल्या मनानं लावू नये.

हळद, लिंबू, टूथपेस्ट, लसणाचा रस, पाणी न घातलेलं जंतुनाशक यांपैकी काहीही सोललेल्या कातडीवर लावू नये. लसणानं आणि लिंबानं भाजतं, आणि हळदीची स्वतःची ॲलर्जीही काहींना असते. खोबरेल तेल कोरड्या, बऱ्या होत आलेल्या जागेला चालतं. आपल्या रंगाच्या त्वचेवर दाह गेला तरी काळा डाग मागे राहतो. तो रोग नव्हे. त्याला फिकट व्हायला काही महिने लागतात, ऊन टाळलं तर लवकर. गोरं करणाऱ्या क्रीमनं तो घासत बसू नये, त्यानं नव्यानं दाह होतो.

आणि मंगळसूत्र. या सगळ्यातली सर्वांत अवघड गाठ तिथे आहे. मानेवर चिघळलेला चट्टा घेऊन आलेल्या बाईला डॉक्टर सांगतात, ‘महिनाभर गळ्यातलं काढून ठेवा’, आणि ती मान हलवते. घरी गेल्यावर ते काढत नाही, कारण काढता येत नाही. सासूबाई काय म्हणतील, शेजारीण काय विचारेल, आपल्याच मनाला काय वाटेल. रात्री झोपताना काढून ठेवते म्हटलं तरी अपशकुनाची कुजबुज होते. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र अनेकदा मुलाम्याचं असतं, कारण खरं चोरीच्या भीतीनं बँकेत ठेवलेलं असतं किंवा गहाण पडलेलं असतं. मला ठामपणे वाटतं की बाईच्या कातडीवरची जखम ही कुठल्याही शकुनापेक्षा मोठी गोष्ट आहे आणि हे घरातल्या पुरुषानं आणि थोरल्या बाईनं तिला आपणहून सांगायला हवं. तिनं परवानगी मागायची वाट पाहू नये.

ज्यांना मंगळसूत्र गळ्यात हवंच आहे त्यांच्यासाठी मार्ग आहे, आणि तो जुनाच आहे. काळी पोत. काळे काचमणी सुती किंवा रेशमी दोऱ्यात ओवायचे, तारेत नाही. मध्ये सोन्याच्या दोन वाट्या, फासा बावीस कॅरटचा किंवा फाशाऐवजी दोऱ्याचीच गाठ. धातू उरतो तो वाट्यांपुरता, तोही सोसणारा. दोरा घामानं मळतो, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा ओवून घ्यावा. मुलाम्याचंच घालायचं असेल तर त्वचा पूर्ण बरी झाल्यावर, काही तासांपुरतं, आणि घाम आला की पुसत. दागिन्याच्या मागच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचे दोन-तीन थर देण्याची युक्ती काही दिवस चालते. थर झिजला की पुन्हा द्यावा लागतो, आणि काहींना नेलपॉलिशचीच ॲलर्जी असते. आधीच लाल झालेल्या जागेवर ही युक्ती करू नये.

बाळाचे कान टोचताना मात्र युक्ती, तडजोड काही नको. सोनाराकडून बारीक सोन्याच्या तारेनं कान टोचून घेण्याची आपल्याकडची रीत या बाबतीत शहाणपणाची आहे, तार शुद्ध सोन्याची किंवा निदान बावीस कॅरटची असेल आणि सुई-हात निर्जंतुक असतील तर. जत्रेत किंवा मॉलमध्ये बंदुकीनं टोचून घेताना आतली खुंटी कशाची आहे, हे विचारा. सांगता आलं नाही तर उठून या. सोनं नसेल तर टायटॅनियम. जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे किमान दीड-दोन महिने, ते बदलू नये. त्या पहिल्या आठवड्यांत निकेल कानात गेलं नाही तर पुढच्या आयुष्यातला बराच त्रास टळू शकतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. काजू, शेंगदाणे, कोको, सोयाबीन, ओट्स, डाळी, पालक यांत निकेल इतर पदार्थांपेक्षा जास्त असतं. नव्या स्टीलच्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार बराच वेळ उकळलं तर थोडं निकेल त्यात उतरतं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी मोजक्यांना यामुळे तळहातांवर खोल, खाजऱ्या पुटकुळ्या येतात. दागिने बंद करूनही हात बरे होत नसतील तरच डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे असा आहार करून पाहावा. सगळ्यांनी डाळी सोडायचं काहीएक कारण नाही. मराठी घरातल्या शाकाहारी बाईच्या ताटातून डाळ आणि शेंगदाणे काढले तर प्रथिनं उरतात किती?

पॅच टेस्टमध्ये निकेल निघालं असेल तर तो कागद जपून ठेवा आणि दातांना तारा बसवण्याआधी, गुडघ्याचा सांधा बदलण्याआधी, हाडात पट्टी घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अशा बहुतेक शस्त्रक्रिया निकेलची ॲलर्जी असलेल्यांतही सुरळीत पार पडतात, तरी धातूची निवड करताना डॉक्टरांना ही माहिती हाताशी हवी. आणि घरी आल्यावर डबी उघडून, एकेक फिरकी आणि एकेक फासा उलटा करून, तपासणीच्या त्या दोन थेंबांनी घासून पाहा. ज्यांचा कापूस गुलाबी होईल ते वेगळ्या डबीत टाका आणि डबीवर चिठ्ठी लावा, म्हणजे पुढच्या लग्नाच्या घाईत ते कुणाच्याच गळ्यात जाणार नाहीत.